गिऱ्हाइकाशी गॅलिकच

हालसायच्या धक्क्याला बोट लागली की उतरणारी माणसं आधी वाऱ्याला शिव्या देतात, मग टोपी सावरतात आणि मग समोर जे पहिलं दार दिसेल त्यात घुसतात. ते दार ऑयरिकच्या खाणावळीचं. आत पाऊल टाकलं की गरम वाफ तोंडावर येते आणि वाफेमागून आवाज येतो, "हीगिव अ-श्त्याख! या, आत या! आणि दार लावा हो, वाऱ्याला काय जेवायला बोलावलंय का?" हे सगळं गॅलिकमध्ये, स्कॉटलंडच्या आमच्या बेटांच्या जुन्या भाषेत. पहिलं वाक्य गॅलिकमध्ये, दुसरं गॅलिकमध्ये, आणि समोरचा गांगरून उभाच राहिला तर तिसरं जरा चढ्या आवाजात, पण तेही गॅलिकमध्येच.

मागे एक लाल जाकीटवाला गृहस्थ आला होता. म्हणाला, "माफ करा, तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"येतं की," ऑयरिक गॅलिकमध्ये म्हणाली. तिने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि डाव वर धरला. "ब्रॉत. ब्रॉत घेणार?"

तो एकदा तिच्याकडे बघतोय, एकदा पातेल्याकडे. आत मेंढीचं मटण, जव आणि गाजरं रटरटतायत. चार तास बोटीवर हेलकावे खाऊन आलेला माणूस, पोटात कावळे कोकलत होते बिचाऱ्याच्या. "ब्रॉत," तो म्हणाला.

"बघा, आलं की नाही! मोठा वाडगा की लहान?" तिने दोन्ही हातांनी माप दाखवलं, त्याने त्याहून मोठं दाखवलं. दोघंही हसले. जेवून उठताना तो "तापा लेव" म्हणजे आभारी आहे, एवढं म्हणायला शिकला होता आणि बोटीवर चढेपर्यंत तेच घोकत होता. पुढच्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन आला. असली माणसं परत येतातच, हे हालसायला आता लहान पोरालाही ठाऊक आहे.

कुणाला दुधाची ॲलर्जी असली, कुणाचं पोर धक्क्यावर चुकलं, कुणी चक्कर येऊन पडलं, तर ऑयरिक खणखणीत इंग्रजी बोलते. भाषेपायी माणूस मारायचा नाही एवढी अक्कल तिला आहे. पण ब्रॉत मागायला इंग्रजी लागत नाही, असं तिचं म्हणणं, आणि ऑयरिकचं म्हणणं बदलायला जन्माला आलेला माणूस अजून युइस्ट बेटावर उतरलेला नाही.

आमच्याकडे आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही. ती शोरशच्या डोनलची ऑयरिक. साठीच्या आसपासची, रुंद खांद्यांची, स्वतःचे केस स्वतःच कात्रीने कापणारी, बापाचा जुना स्वेटर घालणारी बाई. तोंडाने फटकळ. लग्न केलं नाही. का, तर मागणी घालायला आलेला तरुण चारचौघांत तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागला म्हणून तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं, असं लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण ऐकणारा कुणी "छे, असं कसं होईल" म्हणत नाही.

तिचं डोकं लहानपणीच फिरलं, असं गाव म्हणतं. तिची आई चुलीशी बसून गाईशी, कुत्र्याशी, पोरांशी आणि देवाशी दिवसभर गॅलिक बोलायची. पण दारात परका माणूस दिसला की झालं! घरभर इंग्रजी. घरात माणसं नऊ असोत आणि परका एक असो, नवांनी एकासाठी जीभ फिरवायची. याला आमच्याकडे माणुसकी म्हणतात, रीत म्हणतात. एकदा गावात नवीन आलेली नर्स घरी बसली होती आणि कुत्र्याने तिचा बूट पळवला. आता नर्सबाईसमोर गॅलिक कशी बोलायची? म्हणून आई कुत्र्याला इंग्रजीत रागवायला लागली. कुत्र्याशी उभ्या जन्मात कुणी इंग्रजीचा शब्द बोललेलं नव्हतं. त्याला वाटलं कौतुक चाललंय. तो बूट तोंडात धरून शेपटी हलवत बसला. शेवटी छोटी ऑयरिक गॅलिकमध्ये एकच शब्द ओरडली आणि कुत्र्याने बूट टाकला. आईने काय करावं? पोरीच्याच थोबाडीत दिली. "पाहुण्यांसमोर असं बोलतात?" बूट सोडवला तिने आणि मार खाल्ला तोही तिनेच.

पुढे विशीत ती मुख्य भूमीवर एका मोठ्या हॉटेलात कामाला लागली. तिच्याबरोबर आमच्याच गावची बेहाक होती. दोघी स्वयंपाकघरात बटाटे सोलायच्या आणि गप्पा मारायच्या. एक दिवस मॅनेजर आला आणि म्हणाला, "पोरींनो, ती तुमची भाषा इथे नको. आवाज जेवणघरात जातो. पाहुण्यांना वाटतं तुम्ही त्यांची टिंगल करताय."

"आम्ही बटाट्यांबद्दल बोलतोय," ऑयरिक म्हणाली.

"बटाट्यांबद्दल इंग्रजीत बोला."

यात तसं नवल काहीच नव्हतं, आमच्या माणसांनी असलं पुष्कळ ऐकलेलं आहे. ऑयरिकच्या मस्तकात तिडीक गेली ती वेगळ्याच गोष्टीने. त्याच हॉटेलच्या पुढच्या दारावर, सागासारख्या चकचकीत लाकडात, हातभर उंचीच्या अक्षरांत गॅलिक स्वागत कोरलेलं होतं. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. दारावर ती भाषा चालत होती, पाहुण्यांना गोड वाटत होती, आणि तीच भाषा मागच्या बाजूला बटाटे सोलणाऱ्या पोरींच्या तोंडात आली की टिंगल ठरत होती. ऑयरिकने तिथे बरीच वर्षं मूग गिळून काढली, कारण पोटाचा प्रश्न होता. पण घरी परतली तेव्हा ते दार डोक्यात घेऊनच परतली.

ती आली त्या सुमारास गावाने जमीन विकत घेतली होती. वर्षानुवर्षं लांबच्या जमीनदाराची असलेली जागा गावच्या संस्थेची झाली आणि धक्क्यावरचं हेरिंग खारवायचं जुनं गोदाम रिकामंच पडून होतं. ऑयरिकने ते संस्थेकडून कराराने घेतलं, तीन दिवस घासूनही मासळीचा वास गेला नाही तेव्हा त्या वासाशी तडजोड केली, आणि चूल पेटवली. पाटी लावलीच नाही. पाट्यांवरून तिचं मन उडालं होतं. काउंटरवर मात्र पहिल्या दिवसापासून गॅलिक.

गावाने काय कौतुक केलं म्हणता? गाव हसलं! तिचा चुलतभाऊ याखन, जो आता संस्थेचा अध्यक्ष आहे, तो तर भर दुकानात म्हणाला, "ऑयरिक, गॅलिक कुत्र्याशी बोलायची, गिऱ्हाइकाशी इंग्रजी. एवढंही कळत नाही तुला?"

"म्हणजे तुला गिऱ्हाइकापेक्षा कुत्रा जवळचा वाटतो म्हण की," ती म्हणाली. "आणि तुझी पोरं? त्यांच्याशी तू इंग्रजी बोलतोस. ती कुणाच्या बाजूला धरायची?"

याखन ब्रॉत अर्धवट टाकून निघून गेला. महिनाभर फिरकला नाही.

पहिले दोन हिवाळे वाईट गेले. कधी कधी दिवसभरात एकही गिऱ्हाईक नसायचं आणि ती आपली पातेलं ढवळत बसायची. पण मग हळूहळू बोलबाला झाला. आपल्या आजीची भाषा गेली म्हणून हळहळणारी माणसं, कॅनडातून आलेली माणसं, ग्लासगोच्या वर्गात चार वर्षं गॅलिक शिकून एकाही जिवंत माणसाशी बोलायची संधी न मिळालेली माणसं, अशी सगळी हालसायची वाट विचारायला लागली. ब्रॉत काय, स्कॉटलंडच्या प्रत्येक धक्क्यावर मिळतं. पण इथे ते मागावं कसं हे शिकायला मिळत होतं. बेहाक हॉटेल सोडून आली आणि चुलीपाशी उभी राहिली. चार घरांनी वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या, कारण पाहुणे आठवडा आठवडा राहायला लागले आणि नाश्त्यालाही आमच्याशी गॅलिकच बोला म्हणून हटून बसायला लागले. घरात कोपऱ्यात पडून असणारी म्हातारी माणसं गोदामात येऊन ऐटीत बसू लागली. आजवर त्यांना कुणी विचारत नव्हतं, आता त्यांच्या एकेका शब्दासाठी लोक खुर्ची जवळ ओढत होते. ज्या गावाने दात काढले होते त्याच गावाची चूल आता त्यावर पेटत होती. तरी ऑयरिकला कुणी "बरं केलंस" म्हणालं नाही, पण तो आमचा स्वभावच आहे.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना ती बस कंपनी उपटली. मुख्य भूमीवरची, मोठी. उन्हाळाभर रोज बस भरून माणसं हालसायला आणायची तिची तयारी होती. धक्का, दुकान, चर्च, वाळूचा किनारा आणि मग गोदामात जेवण. त्याच सुमारास गोदामाचा करार संपत आला होता.

याखन स्वतः आला सांगायला. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. त्याने ब्रॉत घेतलं, दोन घोट घेतले आणि म्हणाला, "खारट झालंय."

"तुझं तोंड खारट आहे. काय काम काढलंस?"

"बसवाल्यांची एक अट आहे."

"बोल."

"गॅलिक ठेवा म्हणतात. पाटी लावा, हवी तेवढी मोठी लावा. भिंतीवर लिहा, वाडग्यावर लिहा, जेवण झाल्यावर एखादं गाणं म्हणा. फक्त..." त्याने चमचा वाडग्यात फिरवला. "फक्त माणसांशी बोलायचं इंग्रजीत. दमलेली माणसं असतात, ऑयरिक, वयस्कर असतात, त्यांना कोड्यात नाही पडायचं."

चुलीपासून बेहाक ओरडली, "गाणं कोण म्हणणार? मी म्हणणार नाही हं. माझा आवाज ऐकून बस उलटी फिरेल."

ऑयरिक हसली नाही. "हे तर ते हॉटेलच झालं," ती म्हणाली.

"कुठलं हॉटेल?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर संस्थेची समिती ठरवेल." याखन तिच्याकडे बघत नव्हता. "मुख्य भूमीवरचा एक माणूस गोदाम घ्यायला तयार आहे. त्याला अट मान्य आहे. माझ्यावर चिडू नकोस. गावाचं बघायला लागतं मला. अख्खा उन्हाळा बस आली तर किती घरांना हातभार लागेल, विचार कर."

तो गेल्यावर ऑयरिकने काउंटर पुसायला घेतला आणि पुसलेलाच पुन्हा पुसत राहिली. त्या आठवड्यात तिला घास गोड लागला नाही. ती घाबरली होती, आणि ते तिने बेहाकजवळ कबूलही केलं. या वयात गोदाम हातचं गेलं तर पुढे काय, पुन्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बटाटे?

"एक हॅलो म्हणायला काय जातं गं?" बेहाक शेवटी न राहवून म्हणाली. "हॅलो म्हण, मग बोल तुझी गॅलिक."

"नाही बेहाक. पहिला शब्द इंग्रजी निघाला की दुसरा आपोआप निघतो. तुझ्या घरी काय झालं, माझ्या घरी काय झालं? एका नर्ससाठी सुरुवात केली आणि आता पोरं आजोबांशी बोलायला लाजतात. मी दमले तरी चालेल, पण पहिला शब्द नाही देणार."

"मग काय, गोदाम देणार?"

"गोदाम पण नाही देणार," ऑयरिक म्हणाली. कसं ते तिलाही माहीत नव्हतं.

सभा शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये भरली. समितीची माणसं टेबलाभोवती, बाकी गाव मागच्या खुर्च्यांवर. सगळ्यांच्या हातात चहा. कुणाचा मेंढा कुंपण तोडून गेला, बोट पुन्हा कशी रद्द झाली, याच्यावर गॅलिकमध्ये नुसता कल्ला चालला होता. एवढ्यात क्लाइव्ह आत आला. क्लाइव्ह लीड्सचा, रेल्वेतून निवृत्त झालेला, सहा वर्षांपूर्वी याखनच्या शेजारचं घर घेऊन राहिलेला. हिशेब ठेवायला दुसरं कुणी तयार नसतं म्हणून समितीचा खजिनदार. दुपारचं जेवण रोज ऑयरिककडे. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो दारात दिसला आणि अख्ख्या हॉलने भाषा बदलली. मेंढ्याने कुंपण गॅलिकमध्ये तोडलं आणि तो सापडला इंग्रजीत.

याखनने इंग्रजीत सगळं मांडलं. बरं मांडलं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. बस येईल, गावाला फायदा होईल, गॅलिक भिंतीवर राहील. मग त्याने विचारलं, कुणाला काही बोलायचंय का.

ऑयरिक उभी राहिली आणि गॅलिकमध्ये बोलायला लागली.

"ऑयरिक, इंग्रजीत," याखन लगेच म्हणाला. "क्लाइव्ह बसलेत."

"बसू देत की. सहा वर्षं माझ्याकडे जेवतोय तो, उपाशी नाही राहिला." ती थांबलीच नाही. "मला विचारतात, गॅलिकने काय मिळतं? बेहाकला काम मिळालं, ते कशाने? वरच्या आळीत खोल्या भरतात, त्या कशाने? माझ्या ब्रॉतने? माझं ब्रॉत बरं आहे, पण एवढं काही बरं नाही. माणसं येतात ती इथे भाषा बोलली जाते म्हणून येतात. ती तुम्ही भिंतीवर लटकवलीत की काय होईल सांगू? दोन वर्षं फोटो निघतील. तिसऱ्या वर्षी बस दुसऱ्या धक्क्यावर जाईल, कारण भिंत काय, प्रत्येक धक्क्यावर आहे! मग तुमच्याकडे ना बस राहील ना भाषा. मी हे आधी पाहिलंय. त्या हॉटेलच्या दारावर अजून ते लाकूड आहे आणि आत एकही माणूस ते वाचू शकत नाही. मला माझ्या गावाचं ते लाकूड नाही करायचं. गोदाम काढून घ्यायचं तर घ्या. पण मग मला सांगू नका की गॅलिकसाठी घेतलं."

तिचा आवाज शेवटी फाटला. याखन तांबडालाल झाला. गावाच्या भल्यासाठी आपण राबतो आणि ही चारचौघांत आपला पाणउतारा करते, हे त्याला झोंबलं, आणि रागाच्या भरात त्याचा इंग्रजीवरचा ताबा सुटला.

"बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" तो गॅलिकमध्ये गरजला. "गॅलिक, गॅलिक, गॅलिक! सकाळ-संध्याकाळ तेच! कोण विकत घेतं ती? कुणाला हवीय? मेली तरी चालेल एकदाची, म्हणजे आम्हाला तरी शांतता मिळेल!"

"वा रे वा!" मागून बेहाक म्हणाली. "गॅलिकला मारायला निघालास आणि शिव्या द्यायलाही तीच लागली का तुला?"

लोक खुदखुदले. याखन आणखी चिडणार होता, तेवढ्यात क्लाइव्ह उठला. आणि क्लाइव्ह गॅलिक बोलायला लागला. मोडकी, शब्दाशब्दाला अडखळणारी, पण गॅलिक.

"मला बोलायचं आहे थोडा. मी सहा वर्षं इथे. मी रोज कुंपणपाशी याखनला बोलतो गॅलिक. याखन बोलतो मला इंग्रजी. दुकानात मी बोलतो गॅलिक, दुकान बोलते इंग्रजी. चर्चमध्ये पण. मला वाटले, माझी गॅलिक फार वाईट. मग मला कळले, वाईट नाही. मी परका, म्हणून. तुम्ही चांगले माणसं, फार चांगले, तुम्ही मला दार उघडता आणि मग..." त्याला शब्द सापडेना. त्याने हाताने दार लावल्यासारखं केलं. "फक्त ऑयरिक मला आत घेते. ती ओरडते मला. मला ते आवडते. बस नको."

याखनचा राग कुठल्या कुठे पळाला. परक्या माणसाने आपली भाषा बोललेली ऐकून त्याचं मन भरून आलं, अगदी मनापासून. तो क्लाइव्हकडे वळला, तोंडभर हसला, आणि इंग्रजीत म्हणाला, "अहो क्लाइव्ह, किती सुंदर गॅलिक बोलता हो तुम्ही!"

आधी बेहाक हसली. मग मागची रांग. मग सगळा हॉल असा खदखदला की कुणाच्या तरी हातातला कप खाली पडून फुटला. याखन गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. "काय झालं? अरे, काय झालं काय?"

"याखन," ऑयरिक म्हणाली, आणि ती एकटीच हसत नव्हती, "माणूस तुझ्याशी गॅलिक बोलला. तू उत्तर कशात दिलंस?"

याखनच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. त्या हॉलमधला कुणीही त्याच्या जागी असता तर हेच करून बसला असता, आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊक होतं. म्हणून हसू लवकरच विरलं.

"मत घेऊया," कुणीतरी हळूच म्हणालं.

अट न घालता ऑयरिकला करार द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न. समितीतले निम्मे हात वर गेले, त्यात क्लाइव्हचा सगळ्यात उंच. निम्मे खालीच राहिले. राहिला अध्यक्ष. ऑयरिकने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

याखनने पाहिलं ते ऑयरिककडे नाही, क्लाइव्हकडे. आणि गॅलिकमध्ये म्हणाला, "क्लाइव्ह, तू माझं तारश्केर कधी परत करणार आहेस?"

तारश्केर म्हणजे पीट, म्हणजे दलदलीतली वाळवून जाळायची माती, कापायचं लांब दांड्याचं पातं. याखनच्या बापाचं होतं. दोन वर्षांपूर्वी क्लाइव्हने उसनं नेलं आणि आणून दिलं नाही. याखनने मागितलं नाही, कारण तारश्केराला इंग्रजीत काय म्हणतात हेच त्याला सुचेना, आणि सुचलं असतं तरी इंग्रजीत क्लाइव्ह म्हणजे पाहुणा, पाहुण्याकडे वस्तू परत मागतात का? दोन वर्षं तो धुसफुसत होता आणि रोज कुंपणापाशी "छान हवा आहे हो" म्हणत होता. गॅलिकमध्येही तुमच्या मराठीसारखं तू आणि तुम्ही असतं. डॉक्टरला तुम्ही, पाद्र्याला तुम्ही, परक्याला तुम्ही. शेजाऱ्याला तू. ऑयरिक सोडली तर सहा वर्षांत हालसायमध्ये क्लाइव्हला कुणी तू म्हटलेलं नव्हतं.

क्लाइव्हचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "तारश्केर तुटले," तो म्हणाला.

"तुटलं?"

"तू दिले तेव्हाच तुटके होते!"

"माझ्या बापाचं तारश्केर तुटकं?" याखन उठून उभाच राहिला. "लेका, त्या तारश्केराने तीस वर्षं पीट कापलंय! तू दगडावर घातलं असशील!"

"दगड नाही! दांडा सडका! तू मला सडका दिले, कारण मी लीड्सचा!"

"लीड्सचा म्हणून नाही, तुला धरता येत नाही म्हणून! दोन्ही हातांनी धरायचं असतं ते, तू काय चमच्यासारखं धरलंस?"

"आधी हात वर कर रे याखन," बेहाक ओरडली, "मग काय भांडायचं ते भांड!"

याखनने न बघताच हात वर केला, चांगला खांद्यापासून सरळ, आणि दुसऱ्या हाताने टेबलावर थाप मारत क्लाइव्हला सांगत राहिला की नवीन दांडा बसवल्याशिवाय त्याने कुंपणाजवळ तोंड दाखवू नये. समितीतल्या एका बाईने हात मोजले आणि करार झाल्याचं सांगितलं. बसचं काय, असं कुणीतरी विचारलं. याखन म्हणाला, "यायचं तर ऐकायला येतील, नाही तर जातील उडत," आणि परत दांड्यावर आला.

ऑयरिक खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. लपवलं नाही, तोंडावर हातही घेतला नाही. एवढी वर्षं ज्या बाईला कुणी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं ती सगळ्या गावासमोर लहान पोरीसारखी रडत होती. क्लाइव्हचं लक्ष गेलं. तो भांडण अर्धवट सोडून धावत तिच्यापाशी आला, खाली वाकला आणि घाईघाईत इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

"अरे ए!" टेबलामागून याखन गरजला. "गॅलिकमध्ये विचार तिला!"